‘चौपट धोका’ आला कुठून? एडीएचडी आणि ड्रायव्हिंगचं संशोधन वाचताना

मानसशास्त्र, सार्वजनिक आरोग्य, वाहतूक अभियांत्रिकी, कुठल्याही दाराने तुम्ही या विषयात शिरा, एक वाक्य तुम्हाला भेटणारच: ‘एडीएचडी असलेल्या चालकांना अपघाताचा धोका जवळपास चौपट असतो.’ सिनॉप्सिसच्या पहिल्या परिच्छेदात टाकायला फारच सोयीचं वाक्य. आकडा मोठा, विषय गंभीर, आणि गाइडही मान डोलावतात.

एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवण्यात अडचण, उतावळेपणा, अस्वस्थता. हे लहानपणी सुरू होतं आणि बऱ्याच जणांत मोठेपणीही राहतं. हल्ली पंचविशी-तिशीत पहिल्यांदा निदान झालेली माणसं आपल्या आसपासही दिसतात. अशा माणसाच्या घरच्यांनी हे ‘चौपट’ वाचलं की पुढे काय होतं, विचार करा. गाडीची किल्ली कपाटात जाते. नोकरी शहराच्या दुसऱ्या टोकाला असेल तर तीही जाऊ शकते. म्हणून हा आकडा कुठून आला आणि तो किती वजन पेलतो, हे तपासणं मला नुसतं वर्गातलं काम वाटत नाही.

आकड्याचा माग काढत मागे गेलात की तुम्ही पोहोचता १९९३ सालच्या एका पेपरपाशी. रसेल बार्कली आणि सहकाऱ्यांचा हा पेपर ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात आला. एडीएचडी असलेले ३५ तरुण आणि नसलेले ३६, बस्स. वय १६ ते २२. तीन ते पाच वर्षांपूर्वीच्या एका अभ्यासातली हीच मुलं पुन्हा गाठली आणि त्यांच्या ड्रायव्हिंगची माहिती त्यांच्या पालकांकडून घेतली. अपघात एडीएचडीच्या गटात बरेच जास्त निघाले. पण त्याच पेपरने आणखी एक गोष्ट सांगितली होती: सर्वांत जास्त धोका त्या उपगटाला होता, ज्यांच्यात एडीएचडीसोबत सतत उलट वागणं, नियम मोडणं, आक्रमकपणा असे वर्तनाचे विकारही जोडीला होते.

आता बघा काय झालं ते. हा ‘जोडीला’ पुढच्या उद्धरणांमध्ये गळला. ३५ हा आकडा गळला. पालकांनी सांगितलं होतं, हेही गळलं. उरलं ते ‘चौपट’. एका पेपरने दुसऱ्याचा हवाला दिला, दुसऱ्याने तिसऱ्याचा, आणि मूळ पेपर उघडायचे कष्ट किती जणांनी घेतले देव जाणे.

याचा हिशेब मागितला नॉर्वेच्या ट्रुल्स वा यांनी. ओस्लोच्या वाहतूक अर्थशास्त्र संस्थेतले हे संशोधक. २०१४ मध्ये त्यांनी १६ अभ्यासांतले ३२ निष्कर्ष एकत्र करून मेटा-अ‍ॅनालिसिस केलं. एकत्रित सापेक्ष धोका आला १.३६. म्हणजे ३६ टक्के जास्त, चौपट नव्हे. ज्यात काही सापडलं नाही असे अभ्यास छापले जात नाहीत, हा झुकाव लक्षात घेतल्यावर तो १.२९ झाला. आणि कोण किती गाडी चालवतो हे धरल्यावर १.२३. याच्या विश्वास-मर्यादा १.०४ ते १.४६. वा तिथे एक तुलना देतात आणि ती मला फार आवडते: हृदय आणि रक्तवाहिन्यांचे विकार असलेल्या चालकांसाठी मिळालेला आकडाही नेमका १.२३ आहे. तुमच्या ओळखीत अँजिओप्लास्टी झालेले किती काका रोज स्कूटर काढतात, मोजा.

इथे थांबून ‘चला, चौपट खोटं ठरलं’ म्हणत दुसरा आकडा चिकटवू नका. वा यांचा पेपरही त्याच नजरेने वाचायला हवा. चौपटचा संबंध जोडीच्या वर्तन-विकारांशी आहे, एडीएचडीशी नाही, असं ते ठामपणे लिहितात. पण त्यांचेच आकडे बघा. बहुसंख्य चालकांना वर्तन-विकार जोडीला होते त्या गटात धोका १.८६, मर्यादा १.२७ ते २.७५. जोडीला काही नसलेल्या गटात १.३१, मर्यादा ०.९६ ते १.८१. दोन पट्टे एकमेकांवर बरेच चढलेत. दुसरा पट्टा एकच्या थोडा खाली जातो, म्हणजे ‘धोका वाढत नाही’ ही शक्यता उरते. पण ‘८० टक्के वाढतो’ हीसुद्धा उरते. एवढ्यावरून ‘एडीएचडीशी संबंध नाही’ म्हणणं ही उडी आहे. दुसऱ्या एका वाक्यात ते स्वतःच ‘थोडा आधार मिळतो’ असं सावधपणे म्हणतात. तेच वाक्य खरं धरावं.

वा यांचं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते किलोमीटरचं. अपघात मोजताना खाली काय लिहिणार? माणसं, महिने, की रस्त्यावर काढलेलं अंतर? एक माणूस महिन्याला दोनशे किलोमीटर चालवतो, दुसरा दोन हजार. दोघांचा वर्षाला एकेक अपघात झाला तर दोघं सारखेच धोकादायक आहेत का? वा म्हणतात की एडीएचडी असलेले चालक बहुतेक अभ्यासांत इतरांपेक्षा जास्त चालवताना दिसतात, आणि निम्म्याहून अधिक अभ्यासांत अंतराची नोंदच नाही. त्यामुळे खरा धोका १.२३ पेक्षा कमीच असण्याची शक्यता त्यांना जास्त वाटते. नोंद नसलेली गोष्ट कितीही भारी सांख्यिकीने भरून निघत नाही. पुढच्या दोन मोठ्या अभ्यासांत नेमकी हीच फट आहे.

त्यांतला पहिला स्वीडनचा, २०१४ चा, ‘जामा सायकिॲट्री’मधला. झेंग चँग, हेन्रिक लार्सन आणि सहकारी. एडीएचडीचं निदान झालेले १७,४०८ जण, २००६ ते २००९ असा काळ. स्वीडनमध्ये प्रत्येक नागरिकाला एक व्यक्तिगत क्रमांक असतो. त्याच क्रमांकावर निदान, औषध, रुग्णालय, मृत्यू सगळ्या नोंदी जोडता येतात, म्हणून हे शक्य झालं. गंभीर अपघाताचा धोका पुरुषांत ४७ टक्के आणि स्त्रियांत ४५ टक्के जास्त निघाला. औषध चालू असलेल्या काळात पुरुषांमधला धोका ५८ टक्क्यांनी कमी. स्त्रियांमध्ये सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय फरक दिसला नाही.

‘लक्षणीय फरक दिसला नाही’ याचं मराठीत ‘स्त्रियांना औषधाचा उपयोग नाही’ असं भाषांतर करायचा मोह होतो. तो आवरा. पुरुषांच्या ५८ टक्क्यांमागच्या मर्यादाही २५ ते ७७ टक्के एवढ्या रुंद होत्या. घटना कमी असल्या की अभ्यासाला नीट दिसत नाही, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.

आणि तसंच झालं. याच गटातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये अमेरिकेतल्या आरोग्य-विम्याच्या नोंदी घेतल्या. काळ २००५ ते २०१४. एडीएचडी असलेले २३,१९,४५० जण, सरासरी वय ३२ वर्षांच्या थोडं वर, निम्म्याहून किंचित जास्त स्त्रिया. त्याच व्यक्तीच्या औषध घेतलेल्या महिन्यांत, न घेतलेल्या महिन्यांच्या तुलनेत, वाहन-अपघातामुळे आपत्कालीन विभागात जाण्याची शक्यता पुरुषांत ३८ टक्के आणि स्त्रियांत ४२ टक्के कमी. स्वीडनमध्ये न दिसलेला स्त्रियांचा परिणाम इथे पुरुषांच्या बरोबरीने उभा राहिला.

या पेपरवर मी जरा जास्त वेळ घालवणार आहे, कारण त्याची रचना शिकण्यासारखी आहे आणि तिच्यातल्या फटीसुद्धा.

साधी तुलना अशी असती: औषध घेणारे एका बाजूला, न घेणारे दुसऱ्या बाजूला. पण औषध घेणारे वेगळेच असतात. एक तर त्यांचा त्रास जास्त असेल, किंवा त्यांचं घर जास्त काळजी घेणारं असेल, पैसा असेल. मग फरक औषधाचा की माणसाचा? चँग आणि सहकाऱ्यांनी माणसाची तुलना त्याच माणसाशी केली. तुमचे या महिन्यातले तुम्ही आणि त्या महिन्यातले तुम्ही. जनुकं तीच, बालपण तेच, स्वभावही साधारण तोच. न बदलणारं सगळं आपोआप वजा.

आता एक गोष्ट, जी पहिल्या वाचनात निसटते. या तुलनेत २३ लाख माणसं भाग घेतच नाहीत. जो दहाच्या दहा वर्षं गोळी घेत होता, त्याच्याकडे तुलनेला दुसरा महिना नाही. ज्याने गोळी कधी चालू कधी बंद केली पण अपघात झालाच नाही, तोही काही सांगत नाही. माहिती येते ती फक्त अशांकडून, ज्यांचा अपघात झाला आणि ज्यांच्याकडे दोन्ही प्रकारचे महिने होते. संपूर्ण गटात किमान एकदा असा अपघात झालेले ११,२२४ होते, म्हणजे ०.५ टक्के. व्यक्तीअंतर्गत उत्तर या ११,२२४ मधूनच, खरं तर त्यातल्याही काहींकडून आलं आहे. संख्या अजूनही भरपूर आहे, तक्रार नाही. पण प्रेझेंटेशनमध्ये ‘२३ लाख लोकांवरचा निष्कर्ष’ म्हणालात आणि समोरच्या परीक्षकाने विचारलं, तर उत्तर तयार ठेवा.

आकडा हातात घेऊन बघायचा तर एक काल्पनिक हिशेब करा. शंभर स्त्रिया, प्रत्येकीचे अर्धे महिने औषधाचे, अर्धे बिनऔषधाचे, प्रत्येकीला एकेक अपघात. औषधाने काहीच फरक पडत नसेल तर अपघात साधारण पन्नास-पन्नास विभागले जातील. पेपरमधलं स्त्रियांचं गुणोत्तर ०.५८ लावलं तर औषधाच्या महिन्यांत सुमारे ३७ आणि दुसऱ्या बाजूला ६३ येतील. ‘४२ टक्के कमी’ दिसायला असं असतं.

मग फट कुठे आहे? न बदलणारं वजा झालं, बदलणारं राहिलं. माणूस औषध कधी सोडतो? नोकरी गेली, विमा गेला, नातं तुटलं, दारू वाढली, नैराश्य आलं, घर बदललं. हे महिने गाडी चालवण्यासाठीही वाईटच असतात. गोळी बंद असणं आणि आयुष्य विस्कटलेलं असणं एकत्र येत असेल, तर ३८ टक्क्यांतला काही हिस्सा विस्कटण्याचा आहे.

दुसरी फट उलट्या बाजूची. समजा गोळी बंद असताना अपघात झाला. हादरलेले घरचे त्याला पुन्हा डॉक्टरकडे नेतात आणि पुढचे सहा महिने गोळी नियमित चालू. आता त्याच्या खात्यात औषधाचे बिनअपघाती महिने वाढले, पण ते वाढले अपघातामुळे. स्वतःशी तुलना करणाऱ्या बऱ्याच रचनांचं हे एक मूलभूत गृहीतक आहे: घटनेमुळे पुढचं औषध बदलू नये. लेखकांनी बऱ्याच पर्यायी चाचण्या करून निष्कर्ष टिकतो का ते पाहिलंय. तुम्ही पेपर उघडाल तेव्हा त्या चाचण्यांपैकी कोणती नेमकी या प्रश्नाला भिडते, ते शोधा. हा चांगला गृहपाठ आहे.

तिसरी फट अगदी साधी. विम्याच्या नोंदीत दिसतं ते दुकानातून घेतलेलं औषध. पोटात गेलेलं नाही. आणि यातली बहुतेक औषधं काही तासांपुरतीच काम करतात. सकाळी गोळी घेतलेल्या माणसाचा रात्री अकराचा अपघात ‘औषधाच्या महिन्यात’च जमा होतो. ही चूक मात्र बहुधा परिणाम कमी दाखवते, जास्त नाही. टीका करताना प्रत्येक उणीव कुठल्या दिशेला ओढते हे सांगता आलं पाहिजे, नुसतं ‘मर्यादा आहेत’ म्हणून भागत नाही. किलोमीटरचं तर दिशाही सांगता येत नाही: औषध चालू असताना माणूस कामावर नियमित जाऊन जास्त चालवतो, की घाईच्या वायफळ फेऱ्या कमी करतो? विमा कंपनीला ठाऊक नाही.

आणि शेवटी तो २२.१ टक्क्यांचा आकडा. सर्वांनी पूर्ण काळ औषध घेतलं असतं तर एडीएचडी असलेल्यांचे २२.१ टक्क्यांपर्यंत अपघात टळू शकले असते, असा अंदाज. स्वीडनच्या पेपरमध्ये पुरुषांसाठी हाच अंदाज ४१ ते ४९ टक्के होता. हा आकडा मोजलेला नाही, गणिताने काढलेला आहे, आणि त्या गणितात ‘हे कारण आहे’ हे आधीच मान्य केलेलं असतं. पेपरच्या शीर्षकात लेखक स्वतः ‘संबंध’ हाच शब्द वापरतात. तुमच्या मराठी किंवा इंग्रजी वाक्यातून आधी ‘पर्यंत’ गळतं, मग ‘अंदाज’ गळतो, आणि दहा वर्षांनी कुणीतरी तुमचा माग काढत बसतं.

यातून ‘औषधाचा पुरावा कच्चा, म्हणून गोळी बंद’ असं कुणी वाचू नये. दोन देशांत, दोन वेगळ्या नोंदव्यवस्थांमध्ये दिशा तीच आली, हे बरंच झालं. गोळीचा निर्णय डॉक्टर आणि रुग्णाचा. आपण बोलतोय ते पुराव्याच्या आकाराबद्दल.

आता आपल्याकडचं. यावर काम करायचं म्हणणारे विद्यार्थी बहुतेक वेळा एकच आराखडा घेऊन येतात: गुगल फॉर्म, जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढ एडीएचडीची स्व-अहवाल प्रश्नावली, सोबत मँचेस्टरची ड्रायव्हर बिहेविअर प्रश्नावली, कॉलेजची तीनशे मुलं, आणि सहसंबंध. आकडा छान येतो. यायलाच हवा. दुसऱ्या प्रश्नावलीत एक भाग ‘विसराळू चुकां’चा आहे: पार्किंगमध्ये गाडी कुठे लावली ते विसरणं, एकीकडे जायचं ठरवून सवयीने दुसऱ्याच रस्त्याला लागणं. पहिली प्रश्नावली विसरण्याबद्दल आणि लक्ष भरकटण्याबद्दलच विचारते. म्हणजे तुम्ही एकच गोष्ट दोनदा विचारली, त्याच माणसाला, त्याच बसल्या बैठकीत, आणि उत्तरं जुळली याचा आनंद साजरा केला. शिवाय पहिली प्रश्नावली चाळणी आहे, निदान नाही. तिच्यात वर आलेला मुलगा परीक्षेमुळे झोप न झालेलाही असू शकतो.

ही ड्रायव्हर प्रश्नावली ब्रिटनच्या मोटारचालकांसाठी १९९० च्या सुमारास बनली. भारतात २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली आणि केंद्रीय मंत्रालयाच्या अहवालानुसार त्यांत दुचाकीवरचे ४४.५ टक्के होते. आपल्याकडचा चालक आधी दुचाकीवर असतो. दुचाकीस्वारांसाठी २००७ मध्ये ब्रिटनमध्येच वेगळी प्रश्नावली तयार झाली, ती निदान बघा तरी. स्वीडनसारखी नोंद जोडायला आपल्याकडे व्यवस्था नाही. आयआयटी मद्रासने विकसित केलेल्या राष्ट्रीय अपघात-डेटाबेसमध्ये अपघाताची जागा, वाहन, रस्ता मिळतो, पण चालकाचं निदान त्याला जोडलेलं नाही. मिथाइलफेनिडेट हे औषध आपल्याकडे परिशिष्ट ‘एक्स’मध्ये आहे, त्याच्या विक्रीची चिठ्ठी दुकानदाराला जपून ठेवावी लागते, पण ती फायलीत राहते. त्यामुळे ‘भारतात असा अभ्यास नाही’ ही पोकळी सिनॉप्सिसमध्ये लिहायला सोपी आणि भरायला अवघड आहे. छोटं पण नीट काम करायचं असेल तर एखाद्या बाह्यरुग्ण विभागातल्या निदान झालेल्या चाळीस-पन्नास प्रौढांची किलोमीटर-डायरी ठेवा, सोबत गोळीची वेळ आणि थोडक्यात वाचलेले प्रसंग. तेवढीच नोंद, जी २३ लाखांमध्ये नव्हती.

जाता जाता, औषध सोडूनही काही तपासलं गेलंय. २००६ मध्ये अमेरिकेत डॅनियल कॉक्स यांच्या गटाने किशोरवयीन मुलांवर एक छोटा प्राथमिक अभ्यास केला आणि त्यात गिअरच्या गाडीत एडीएचडी असलेल्यांचं लक्ष जास्त टिकलं. ऑटोमॅटिक घ्यायला निघालेल्यांना हे ऐकवून बघा. अर्थात प्राथमिक अभ्यासावर गाडी विकत घेऊ नये. त्याहून पक्कं काम २०२२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलं. एडीएचडी असलेल्या १६ ते १९ वयाच्या १५२ जणांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटलं. एका गटाला संगणक आणि सिम्युलेटरवर, रस्त्यावरून नजर जास्त वेळ हलू न देण्याचं प्रशिक्षण दिलं. नंतर वर्षभर त्यांच्या गाड्यांत कॅमेरे होते. गाडीला जोराचा हिसका बसल्याच्या घटनांपैकी धडक किंवा थोडक्यात वाचल्याचे प्रसंग प्रशिक्षित गटात ३.४ टक्के, दुसऱ्यात ५.६ टक्के. इथे कोणाला प्रशिक्षण मिळालं ते चिठ्ठीने ठरलं होतं, त्यामुळे नोकरी जाण्याचा आणि नातं तुटण्याचा प्रश्न दोन्ही गटांत सारखा वाटला गेला. पण खाली काय लिहिलंय ते पुन्हा बघा. भागाकार हिसक्यांच्या घटनांनी आहे, किलोमीटरने नाही. प्रशिक्षणाने हिसक्यांची संख्याच बदलली असेल तर हे प्रमाण कसं वाचायचं? मूळ पेपरमधला तक्ता काढून बसा, आणि घटनांची एकूण संख्या दोन्ही गटांत किती होती तिथून सुरुवात करा.